मालक : ऋजुता

लग्नानंतरच्या दोन वर्षांत केतकीला नवऱ्याला एकदाही कसली आठवण करून द्यावी लागली नव्हती. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असो, गाडीचा विमा असो की पाण्याच्या फिल्टरची कांडी बदलायची असो, निनाद सगळं आपणहून करायचा. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा. फार काही बोलणं नसायचं. जेवलीस का, आज थकलीस का, एवढंच. पण यायचा.

केतकी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीचं काम बघायची. तिथल्या बायका डबे उघडून बसल्या, की तिच्या फोनकडे डोळे लावून असायच्या.

"आला बघा मॅडमचा फोन," त्यातली एक म्हणायची. "असला नवरा कुठं मिळतो, आम्हालाही सांगा."

केतकी नुसती हसायची. लोकांनी आपला हेवा करावा यात एक सुख असतं, आणि ते ती पुरेपूर घेत होती.

निनादचं हे दुसरं लग्न. पहिली बायको ऋजुता पुण्याला एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियांचं वेळापत्रक सांभाळायची. त्यांची बारा वर्षांची मुलगी शाल्मली तिच्याकडे असायची आणि सुट्टीत नाशिकला यायची. हे सगळं केतकीला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्याचा तिला त्रास नव्हता. पहिल्या बाईला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळतंय, असं तिला मनातून वाटायचं, आणि ते वाटणं गोड होतं.

द्राक्षांचा हंगाम म्हणजे दर वर्षी तेच काम पुन्हा उभं करायचं. बागांची नोंदणी, द्राक्षांत उरलेले फवारणीच्या औषधांचे अंश तपासणं, तोडणी, शीतगृह, कंटेनर. पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा फिरून येणाऱ्या कामाला एक साचा असायचा. तारीख आली की गेल्या वर्षीच्या कामांची जशीच्या तशी नक्कल निघायची. त्यात गेल्या वर्षीच्या चुकाही उतरायच्या, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर कामं पडून राहायची.

'आवर्तन' आलं तेव्हापासून हे बदललं. आवर्तन नक्कल करत नव्हतं. ते दोन फेऱ्यांमधला फरक बघायचं. एकच माणूस तेच काम वर्षानुवर्षं करतो तेव्हा तो दर वेळी थोडं काही बदलतो आणि थोडं काही कधीच बदलत नाही. पाऊस पडला की तोडणी पुढे ढकलतो, पण एका ठरावीक बागेची ढकलत नाही. एखादा टप्पा गाळतो, पण एक फोन कितीही घाई असली तरी करतो. काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, हे पुरेशा फेऱ्यांमध्ये पाहिलं, की त्या माणसाला मुळात काय साधायचं होतं ते काढता येतं. आवर्तन ते काढायचं. त्याला ते हेतू म्हणायचं. एकदा हेतू सापडला, की परिस्थिती कितीही बदलली तरी त्या हेतूला धरून नवी कामं तयार करता यायची. ज्यांची यादी कुणी कधीच केली नव्हती अशी कामं.

केतकीने हे स्वतः पाहिलं होतं. तिच्या आधी पॅकहाऊसचं काम कोल्हे साहेब बघायचे. ते निवृत्त झाले, त्यांनी आवर्तनमध्ये सुरू केलेली कामांची मालिका मात्र चालू राहिली. पुढच्याच हंगामात गारपीट झाली. त्याआधीच्या कुठल्याच फेरीत गारा पडल्या नव्हत्या, तरी सकाळी केतकीच्या फोनवर काम येऊन पडलं : मोठ्या बागा राहू द्या, आधी गिरणाऱ्याच्या छोट्या बागांना माणसं पाठवा. तिने कोल्हे साहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मी हेच केलं असतं. पण हे मी कुणाला कधी बोललो नव्हतो."

तेव्हा केतकीला त्याचं कौतुक वाटलं होतं.

डिसेंबरात हंगामातल्या पहिल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल यायचा त्या दिवशी निनादचा फोन आला. आधी त्याने जेवलीस का विचारलं, मग थोडं थांबून निकालाचं विचारलं. निकाल चांगला होता. संध्याकाळी जेवताना केतकी खुशीत होती.

"आज निकाल आहे हे तुझ्या लक्षात कसं राहिलं?"

"आवर्तनमध्ये आलं होतं," निनाद भाकरी मोडत म्हणाला. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा, आणि तिथेही सगळं काम त्याच सॉफ्टवेअरवर चालायचं.

"मी तर घरच्या कॅलेंडरमध्ये नुसतं 'तपासणी' एवढंच लिहिलं होतं."

"त्यावरूनच काढलं असणार त्याने. 'फोन कर, निकाल लगेच विचारू नकोस, आधी जेवणाचं विचार', असं आलं होतं."

केतकीचा घास हातातच राहिला.

"हे लिहिलं कुणी?"

"लिहिलं कुणीच नाही. घरची जुनी मालिका आहे, ती आपली आपण कामं काढते."

"सुरू कुणी केली?"

प्रश्नात काही आहे हे निनादला कळलंच नाही. "ऋजुताने," तो म्हणाला. "ताक घेणार?"

त्याने काही लपवलं नव्हतं. तिने मागितला तसा फोन दिला. मालिकेच्या माथ्यावर लिहिलेलं होतं : मालक, ऋजुता. चालवणारा, निनाद. आणि खाली, आवर्तनने स्वतः काढलेला हेतू : घरातल्या माणसाला एकटं वाटू नये.

"यात मी कशी आले?" केतकीने विचारलं.

"लग्नाच्या वेळी तुझं नाव घरात घातलं ना, तेव्हा त्याने विचारलं. घरात नवीन व्यक्ती आली आहे, हेतू तोच ठेवायचा का?"

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो," निनाद म्हणाला. "चांगलाच हेतू आहे की."

त्यानंतर केतकीचं सुख एकेक करून नासत गेलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तो इस्पितळात रात्रभर बसला होता, ते कुणी सांगितलं होतं? पहिल्या वाढदिवसाला त्याने साडी आणली नव्हती, कुठेच जायचं नाही असा मोकळा दिवस दिला होता. ते तिला इतकं आवडलं होतं की तिने मैत्रिणींना सांगितलं होतं. तो दिवस कुणाला हवा होता? तिला, की दहा वर्षांपूर्वी इस्पितळातून थकून येणाऱ्या दुसऱ्या एका बाईला?

एकदा भांडी आवरून झाल्यावर निनादने नेहमीसारखी तिची पाठ दाबायला घेतली.

"ऋजुताची पाठ दुखायची का?" तिने विचारलं.

"कुणाची?"

"ऋजुताची."

"असेल. का गं?"

"काही नाही. पुरे आता."

मग तिने परीक्षा घेतली. घरच्या कॅलेंडरमध्ये तिने खोटंच लिहिलं, 'डॉक्टर, दुपारी चार'. कुठला डॉक्टर, कशासाठी, काही नाही. दुपारी फोन आला. "जेवलीस का?" मग थोडं थांबून, "चारला मी येऊ का सोबत? सुट्टी काढतो." आवाज इतका मायेचा होता, की केतकीला वाटलं आत्ताच्या आत्ता फोन भिंतीवर आपटावा. "नको," ती म्हणाली, आणि शीतगृहात जाऊन उगाच पेट्या तपासत राहिली.

दुसरी परीक्षा तिने ठरवून घेतली नाही, ती आपोआप झाली. पॅकहाऊसच्या मालकांनी पुढच्या हंगामापासून निर्यात आपल्या पुतण्याकडे द्यायचा विचार बोलून दाखवला. आठवडाभर केतकीच्या डोक्यात तेवढंच होतं. तिने ते कुठे लिहिलं नाही, कुणाला बोलली नाही. त्या आठवड्यात निनाद रोज फोन करत होता, रोज पाठ दाबत होता, आणि त्याला काहीच दिसलं नाही. जे यंत्राला कळत नव्हतं ते त्यालाही कळत नव्हतं.

तिने ऋजुताचे फोटो शोधून पाहिले. लहान कापलेले केस, नीटस चेहरा. त्या चेहऱ्याचा तिला राग येईना, हेवा मात्र वाटत राहिला. घर सोडून गेलेली बाई रोज तिच्या घरात येत होती, तिच्या नवऱ्याच्या तोंडाने तिची विचारपूस करत होती, आणि ती केतकीपेक्षा चांगली बायको होती.

"ते बंद कर," तिने शेवटी निनादला सांगितलं.

तो घाबरला. खरोखरच घाबरला. "मग मी विसरेन, केतकी."

"विसर."

"तुला माहीत नाही मी किती विसरतो."

"तेच बघायचंय मला."

"आणि शाल्मलीचं? तिची औषधं, शाळा, सगळं त्याच मालिकेत आहे." मग तो म्हणाला, "शिवाय मला ती बंद करताच येत नाही. फार तर मी त्यातून बाहेर पडू शकतो."

हे केतकीलाही माहीत होतं. माणसाचा हेतू ही त्याची स्वतःची मालमत्ता, असा कायदा झाल्याला बरीच वर्षं झाली होती. मालिका सुरू करणारा सोडून कुणालाच ती संपवता येत नव्हती, आणि त्याने संपवली की आवर्तनला त्याचा हेतू कायमचा पुसून टाकावा लागायचा. निनाद बाहेर पडला असता तरी ती मालिका कुठेतरी त्याची वाट बघत राहिलीच असती, वर तेच नाव घेऊन. केतकीला ते नको होतं.

नाताळची सुट्टी संपली. शाल्मलीला परत सोडायचं होतं. पुणे आणि नाशिकच्या मधे नारायणगावला रस्त्याकडेला एक हॉटेल होतं. तिथे दोन्हीकडच्या गाड्या यायच्या आणि मुलगी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची. दर वेळी निनाद जायचा. या वेळी केतकी म्हणाली, "मी जाते."

ऋजुता आधीच येऊन बसली होती. फोटोतल्यापेक्षा थकलेली दिसत होती. शाल्मली आईला बिलगली, दोघींसमोर बसून तिने मिसळ खाल्ली आणि मग हॉटेलच्या मागे ससे ठेवलेत ते बघायला गेली.

"तुमच्याशी बोलायचं होतं," केतकी म्हणाली. "तुम्ही घरची एक मालिका सुरू केली होती. आवर्तनमध्ये."

"ती होय? शाल्मलीच्या औषधांची. मी कधीच बाहेर पडले त्यातून."

"बाहेर पडलात. बंद केली नाहीत."

ऋजुताने भुवया वर केल्या. लोकांच्या हृदयांच्या शस्त्रक्रिया जी बाई मिनिटाला मिनिट लावून बसवायची, तिचं एवढं राहून गेलं होतं. केतकीने निनादचा फोन मागून आणला होता. तिने मालिका उघडून समोर ठेवली. "हे आता माझ्यासाठी चालतं," ती म्हणाली. "मला ते नकोय."

ऋजुता वाचू लागली. वाचता वाचता तिचं बोट मंद झालं.

"हे तो करतो?"

"हो."

"दुपारचा फोन?"

"रोज."

"आणि हे, 'ती गप्प असेल तर कारण विचारू नकोस, शेजारी बस'?"

"बसतो."

ऋजुताने फोन टेबलावर ठेवला. चहा आला होता, तिने तो बाजूला सारला.

"माझ्या वेळी हे सगळं लाल असायचं," ती म्हणाली. "थकीत, थकीत, थकीत. माझे वडील आजारी होते तेव्हा मी दिवसभर इस्पितळात आणि संध्याकाळीही इस्पितळात. याला एक फोन करायचं सुचायचं नाही. म्हणून मी पहिलं काम घातलं. दुपारी एकदा फोन कर. मग दुसरं घातलं. मला वाटायचं, सांगितलं की करेल. दर महिन्याला मी ती कामं बदलायचे, सोपी करायचे. हे फार होत असेल, एवढं तरी जमेल. त्याने एकही केलं नाही, हो. वडील गेले त्या दिवशीसुद्धा फोन आला तो पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारायला."

 केतकी इथे आली होती एका जिंकलेल्या बाईशी भांडायला.

"त्याला विचारलंत कधी, तेव्हा का नाही केलं म्हणून?" ऋजुताने विचारलं.

"नाही."

"विचारूही नका." ती मान खाली घालून पुन्हा वाचायला लागली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि केतकीने तो बदल ओळखला. गेला महिनाभर तिने तो रोज आरशात पाहिला होता.

"मी शिकवलं, आणि तुमच्यासाठी पास झाला," ऋजुता म्हणाली. "बंद करते. आत्ताच करते." तिने स्वतःचा फोन काढला, आवर्तन उघडलं.

"थांबा," केतकी म्हणाली.

"का? यासाठीच आलात ना?"

 दुपारी डबा उघडताना फोन वाजणार नाही, हे केतकीला पहिल्यांदाच खरोखर दिसलं. उद्यापासून नाही. परवाही नाही. तिचा हात टेबलावरून अर्धा पुढे गेला होता, तो तिने तिथेच ठेवला.

"शाल्मलीच्या औषधांची मी वेगळी मालिका करते, आजच त्याला जोडून देईन," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज कामाचा झाला होता. "बाकी माझं आहे. ते मला न मिळता दुसऱ्या कुणाला मिळावं, एवढी मी मोठ्या मनाची नाही." आणि तिने अंगठा दाबला.

टेबलावरच्या निनादच्या फोनवर मालिका पांढरी झाली आणि निघून गेली.

निनादने सांगितलं होतं ते खरं निघालं. तो विसरला. आधी फिल्टर, मग विजेचं बिल, मग केतकीच्या आईला दाखवायला न्यायची तारीख. दुपारचा फोन पहिल्या दिवसापासून बंद झाला. पॅकहाऊसमधल्या बायकांनी काही दिवस वाट बघितली, मग त्यांनी थट्टा सोडून दिली. त्यांचं ते समजूतदार गप्प राहणं थट्टेपेक्षा वाईट होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत केतकीने आवर्तन उघडून नवी मालिका सुरू केली. पहिल्या कामाच्या जागी कर्सर लुकलुकत राहिला. आपण काय लिहिणार आहोत ते तिला माहीत होतं. तिच्या आधी एका बाईने तेच लिहिलं होतं. तिने काही न लिहिता ते मिटवलं.

मार्चमध्ये युरोपच्या बंदरावर एक कंटेनर अडला. एका बागायतदाराने तोडणीच्या तोंडावर औषध मारलं होतं आणि ते लपवलं होतं. अंश मर्यादेच्या वर निघाला. सगळा माल नाकारला गेला. मालक केतकीला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी संध्याकाळी पुतण्याला बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

ती घरी आली तेव्हा निनाद उत्तरपत्रिका तपासत बसला होता. "आज कूकर मी लावलाय," तो म्हणाला. "आमटी राहिलीय."

केतकी पर्स न ठेवता तशीच उभी राहिली. गेल्या दोन महिन्यांत ती त्याच्याकडे बघत होती, ताडून बघत होती, त्याला कळतं का ते पाहत होती. आता तिच्यात तेवढी ताकद नव्हती.

"माझा कंटेनर नाकारला," ती म्हणाली. "हंगाम माझ्या हातातून गेला बहुतेक. मला विचार त्याबद्दल."

निनादने पेन ठेवलं. "कंटेनर म्हणजे जहाज?"

"जहाज नाही. जहाजावरची पेटी."

"मग ती पेटी आता परत येणार?"

"नाही येणार. तिथेच नष्ट करतात."

"द्राक्षं? सगळी?" तो खरोखर चक्रावला होता. "समुद्रात टाकतात का?"

"निनाद, मला द्राक्षांचं दुःख नाहीये."

"बरं." तो विचार करू लागला. विचार करताना त्याचा चेहरा कसा होतो हे केतकीने या दोन वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. तोंड थोडं उघडं राहायचं. "तुला कोण ओरडलं?"

"कुणीच नाही."

"मग बरंच झालं की."

"ओरडले असते तर बरं झालं असतं. कुणी बोललंच नाही माझ्याशी."

"का नाही बोललं?" तो म्हणाला, आणि लगेच, "चुकीचं विचारतोय का मी? मला कळत नाहीये काय विचारायचं असतं."

"चुकीचंच विचारतोयस."

"तू पहिल्यापासून सांग. तो बागायतदार कोण, तिथून. मला मधे मधे कळणार नाही, मी विचारेन."

तिने सांगितलं. त्याला अंश म्हणजे काय कळत नव्हतं, ते समजावलं. नमुना कुठून घेतात ते समजावलं. पुतण्याचं नाव त्याने तीनदा चुकीचं घेतलं. एकदा तर त्याने असा काही प्रश्न विचारला, की रडता रडता केतकीला हसू फुटलं, आणि तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. आमटी शेवटपर्यंत झालीच नाही. दोघांनी भातावर तूप-मीठ घालून खाल्लं. जेवताना केतकीच्या लक्षात आलं, की असे प्रश्न कुणीही कधी लिहून दिले नसते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा शाल्मलीला आणायला तीच नारायणगावला गेली. ऋजुताने मुलीची बॅग गाडीत ठेवायला मदत केली. शाल्मली पुढच्या सीटवर बसून पट्टा लावू लागली. दोघी गाडीच्या मागे उभ्या राहिल्या.

"कसं चाललंय?" ऋजुताने विचारलं. मग, नजर रस्त्याकडे ठेवून, "विसरतो का?"

"सगळं," केतकी म्हणाली.

ऋजुताच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिला ते लपवता आलं नाही, आणि लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "मग माझंच काही चुकलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

ऋजुताने मान हलवली. ती अजून थोडी थांबली, केतकी पुढे काही बोलेल म्हणून असेल. सांगण्यासारखं होतं. कंटेनर नाकारला त्या संध्याकाळचं होतं, त्यानंतरच्याही काही संध्याकाळींचं होतं. निनादचं उघडं राहिलेलं तोंड होतं, ते कसलेतरी वेडेवाकडे प्रश्न होते.

केतकीने त्यातलं काहीच सांगितलं नाही. डिकीचं दार लावलं, निरोप घेतला आणि गाडी नाशिकच्या रस्त्याला लावली.